खरवडलेली खोली

१

काटकोन रोज सकाळी सात वाजता आपल्या नव्या घराला पाणी मारायला जायचा आणि जाताना वाटेतल्या प्रत्येक घराला नावं ठेवायचा. हे घर म्हणजे उभी केलेली काडेपेटी. त्या घराचा जिना रस्त्यावर आलाय, पाहुणा घरी यायच्या आधी वरच्या मजल्यावर. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पुढे चार खांब लावलेत. छप्पर काही त्यांच्यावर टेकलेलं नाही, पण मिरवायला बरे. एवढं मनातल्या मनात बोलून झालं की त्याला सकाळचा चहा पचायचा.

काटकोन हे नाव ऑफिसने ठेवलेलं. पस्तीस वर्षं त्याने एका आर्किटेक्टच्या हाताखाली लोकांच्या घरांचे नकाशे काढले. आर्किटेक्ट म्हणजे ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही तो, असं त्याचं मत होतं. गिऱ्हाईक म्हणजे ज्याला रेघ आणि दोरी यातला फरक कळत नाही तो. आणि गवंडी म्हणजे सरळ रेघ हातात देऊनसुद्धा भिंत वाकडी उभी करतो तो. घर पाहावं बांधून, असं लोक म्हणतात. काटकोन म्हणायचा, बांधता येत नाही म्हणून तर पाहत बसावं लागतं. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःचं घर स्वतः आखलं, आणि जगाला एकदा दाखवून द्यायचंच असं ठरवलं. जगाने काही विचारलं नव्हतं.

पाणी मारण्याचं काम त्याने कुणालाच दिलं नाही. नवं सिमेंट ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात. मिस्त्री म्हणाला, "साहेब, एक माणूस ठेवू या." काटकोन म्हणाला, "मग त्या माणसावर लक्ष ठेवायला दुसरा माणूस ठेवावा लागेल." मिस्त्री गप्प बसला. तो बहुतेक वेळा गप्पच बसायचा, आणि काटकोनला तो निर्बुद्धपणा वाटायचा.

बैठकीत सिमेंटची जमीन टाकून तीन दिवस झाले होते. दारात मातीचा बांध घालून काटकोनने संध्याकाळी खोलीभर दोन बोटं पाणी उभं केलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी तो आत आला तेव्हा पाणी होतं तसंच होतं. फक्त समोरच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी, जमीन कोरडी होती. पाणी तिथवर येऊन थांबलं होतं.

त्याने आधी मिस्त्रीला शिवी घातली आणि मग चपला काढल्या.

२

त्या कोपऱ्याची एक गोष्ट आहे, आणि ती काटकोनला शोभणारी आहे.

त्याच्या बायकोला एक मोठी बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणत. आई लवकर गेल्यावर अक्कानेच धाकटीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावलं, आणि स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं. आता अक्का पंचाहत्तरीला आली होती, गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि ती काटकोनच्याच भाड्याच्या दोन खोल्यांत, पडद्याआड टाकलेल्या खाटेवर राहत होती. काटकोन तिच्याशी अदबीने बोलायचा आणि तिच्या खोकल्याचे आवाज मोजायचा. फुकटचं खाऊन बसलेलं माणूस, असं तो तिच्याबद्दल बोलत नसे, फक्त तसं वागत असे.

जमिनीच्या कागदावर दोघा नवराबायकोची नावं होती, म्हणून नकाशावर बायकोची सही लागणार होती. तिने नकाशा जेवायच्या टेबलावर पसरला आणि चष्मा लावून बघितला.

"यात अक्काची खोली कुठली?"

"ही काय. दहा बाय दहा. खिडकी सकाळच्या उन्हाकडे."

"दार स्वयंपाकघराकडे काढा. रात्री खोकली तर मला ऐकू यायला हवं."

त्याने दार स्वयंपाकघराकडे काढलं. मग ती त्याच्याकडे बघून सावकाश म्हणाली, "हे बघा, एकदाच सांगते. अक्काला खोली असेल तर मी येईन. नसेल तर तुमचं घर तुम्हाला लखलाभ. मी आणि ती इथे आहोत तशा राहू." आणि तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी काटकोनने ट्रेसिंग पेपरवरच्या त्या खोलीच्या रेघा दाढीच्या ब्लेडने खरवडून काढल्या. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाई अशी उतरवायची की कागदाला जखम दिसता कामा नये, मग त्या जागी अंगठ्याचं नख घासायचं, म्हणजे कागद पुन्हा गुळगुळीत होतो. पाच मिनिटांत चौदा फुटांची बैठक चोवीस फुटांची झाली. बाहेरची खिडकी त्याने राहू दिली, कारण ती काढली असती तर घराचा दर्शनी भाग एका बाजूला लंगडा दिसला असता.

बायकोचं काय, हा प्रश्न त्याला अवघड वाटला नाही. घर उभं राहिलं की नगरपालिकेचे नियम बदलले असं सांगायचं. बायका आधी धमक्या देतात आणि मग सामान बांधतात, हा त्याचा सिद्धांत होता. तोवर तिला बांधकामावर फिरकू द्यायचं नाही. धूळ फार आहे, असं तो कित्येक महिने सांगत होता.

पण हे सगळं ठरवताना त्याला एक बारीकशी भीतीही होती, आणि तिचा त्याला राग यायचा. कारण बायको खरंच आली नाही तर त्याच्याशी दोन शब्द बोलणारं जगात दुसरं कुणी उरणार नव्हतं. मित्र नव्हते. ऑफिसातल्या लोकांनी निरोप समारंभात त्याला एक घड्याळ दिलं आणि त्यानंतर कुणी फोन केला नाही.

३

"इथे उंचवटा ठेवलायस," काटकोन मिस्त्रीला म्हणाला.

मिस्त्रीने कोरड्या जागेकडे बघितलं, मग काटकोनकडे. त्याने पातळी बघायची पाणसळ आणून जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये थांबला. त्याने ती फिरवून ठेवली, ओल्यात ठेवली, कोरड्यात ठेवली. बुडबुडा मधून हलला नाही.

"तुझी पाणसळ बिघडलीय."

"साहेबांची आणा."

साहेबांनी स्वतःची आणली. तीही तेच म्हणाली. काटकोनच्या कपाळाला आठी पडली; स्वतःची पाणसळ चुकते असं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि मिस्त्रीचं काम बरोबर आहे असं म्हणणं तर त्याहून नव्हतं.

मग त्याने कारणं काढली. सिमेंटमध्ये तेल पडलं असेल. खाली प्लास्टिक राहिलं असेल. खिडकीतून ऊन येतं, त्याने वाळलं असेल. पण सकाळी सातला तिथे ऊन येत नव्हतं, आणि वाळलेल्या जागेची कड धूसर असते. ही कड पट्टी लावून ओढल्यासारखी होती. कोपऱ्यातल्या दोन भिंती आणि या दोन कडा मिळून एक चौकोन झाला होता. काटकोनने टेप लावला. मग टेप गुंडाळून खिशात ठेवला आणि आकडा मिस्त्रीला सांगितला नाही.

दुपारी मिस्त्री जेवायला गेला तेव्हा काटकोन बादली घेऊन त्या कोरड्या जागेच्या मधोमध उभा राहिला. पालथ्या घड्यावर पाणी, असं तो ऑफिसात नव्या पोरांना शिकवताना म्हणायचा. त्याने बादली ओतली.

पाणी पसरलं. चारही बाजूंना गेलं आणि कडेपर्यंत पोचायच्या आधीच थांबलं. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये एक कोरडी पट्टी राहिली, सगळीकडे सारख्या रुंदीची. ती मोजायची गरज नव्हती, पण त्याने मोजली. साडेचार इंच. एका विटेच्या रुंदीची भिंत, वर गिलावा नसताना, साडेचार इंचांची असते.

आणि मग पाणी वाहायला लागलं. स्वयंपाकघराकडच्या कडेला, एका टोकाला, अडीच फुटांच्या जागेतून ते पातळ थरात बाहेर आलं, बंद दाराखालून यावं तसं. बाकी कुठून एक थेंब गेला नाही.

काटकोन बादली हातात धरून उभा होता. त्याला भीती वाटली नाही, अपमान वाटला. आपण खोडलेली रेघ आपल्याला न विचारता कुणीतरी परत मारली, असा तो अपमान होता.

४

पुढचे चार दिवस त्याने त्या कोपऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दुसरं काहीच बघितलं नाही.

रिकाम्या घरात आवाज घुमतो. काटकोन शिंकला की बैठक शिंकायची, पाइप आपटला की स्वयंपाकघर उत्तर द्यायचं. पण त्या चौकोनात उभं राहून तो खाकरला, तर आवाज तोंडापाशीच राहिला. जवळच भिंत असावी, भिंतीला कपाट असावं, कपाटात कपडे असावेत, तसा. तो एक पाऊल बाहेर आला आणि खाकरला, तर बैठक घुमली. आत गेला, तर पुन्हा नाही. हा खेळ त्याने सात वेळा केला. वीजकामाचा माणूस दारात उभा राहून बघत होता.

"घसा बसलाय का साहेब?"

"तू तुझ्या वायरी बघ."

वायरीवाला वायरी बघायला गेला, आणि तेव्हा काटकोनच्या लक्षात आलं ते इतकं साधं होतं की ते आधी न दिसल्याची त्याला लाज वाटली. वायरीवाल्याला समोरच्या खिडकीपाशी जायचं होतं. बैठक सताड मोकळी होती. सरळ गेला असता तर दहा पावलं. पण तो स्वयंपाकघराच्या बाजूने गेला, टोकाशी वळला, खांदा जरासा आत घेतला आणि मग खिडकीपाशी पोचला.

मग सुतार आला. तोही तसाच गेला. खिडकीची चौकट खांद्यावर होती, म्हणून त्याने वळताना ती उभी केली. अरुंद दारातून जाताना करतात तशी.

"सरळ का नाही गेलास?" काटकोनने विचारलं.

सुताराने मागे बघितलं. "सरळच तर आलो."

मूर्ख आहेत सगळे, काटकोन मनाशी म्हणाला. मेंढरं. एक गेला की दुसरा मागून. शहाण्या माणसाने असल्यांच्या नादी लागू नये. त्या संध्याकाळी घरी निघताना त्याने खिडकी लावली, पाइप गुंडाळला, आणि दाराबाहेर आल्यावर त्याला सहज म्हणून आठवून बघावंसं वाटलं की आपण खिडकीपर्यंत कसे गेलो. जमिनीवरचं पाणी दिवसभरात आटलं होतं, आणि तिच्यावर त्याच्याच ओल्या पावलांचे ठसे होते. ते स्वयंपाकघराच्या बाजूने गेले होते, टोकाशी वळले होते, आणि परत येतानाही तिथूनच आले होते.

५

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने आपणहून तोंड उघडलं. त्याला चहा पिताना बोलायची सवय नव्हती, म्हणून त्याने आधी कप खाली ठेवला.

"साहेब, नकाशावर त्या कोपऱ्यात काहीतरी होतं ना?"

"काय होतं?"

"उन्हात धरला की दिसतं. रेघ नाही, पण रेघेची जागा. मी पहिल्या दिवशीच बघितलं. म्हटलं, साहेब विचारतील तेव्हा सांगू."

"मी कशाला विचारीन?"

मिस्त्रीने अंगणातल्या विटांकडे बघितलं. म्हणाला, "दोन दिवसांचं काम आहे. विटा उरल्यात. साडेचार इंची भिंत घालून टाकतो, दार ठेवतो. गिलावा सावकाश करू. कुणाची खोली आहे ती त्यांची त्यांना होऊन जाऊ दे."

काटकोनने त्याच्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याचा जीव हलका झाला होता. हो म्हणायचं, दोन दिवस थांबायचं, बायकोला आणायचं. ती येईल. पडद्याआडचा खोकला भिंतीआड जाईल, यापलीकडे बिघडणार काय होतं? हो हा शब्द त्याच्या दातांपर्यंत आला होता.

पण समोर मिस्त्री बसला होता, पायाच्या नखांत सिमेंट, हातात फुटक्या कानाचा कप. हा माणूस आपल्याला आपलं घर शिकवणार! उद्या गावभर सांगत सुटेल की साहेबांची चूक मी दुरुस्त केली.

"एका म्हातारीसाठी माझी चोवीस फुटांची बैठक कापू?" तो म्हणाला. "आणि तू नकाशा वाचायला लागलास कधीपासून? तू थापी धर."

मिस्त्रीने कप विसळला आणि पालथा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. राहिलेलं सामानही त्याने नेलं नाही. काटकोनने शेजारच्या बांधकामावर चौकशी केली, तर तिथला मुकादम म्हणाला, "तो म्हणतो, आत माणसं राहत असताना काम करायला बरं वाटत नाही."

"कसली माणसं? घर रिकामं आहे!"

"तसं मीही म्हटलं," मुकादम म्हणाला, आणि आपल्या कामाला लागला.

६

रविवारी बायको म्हणाली, "आज आम्ही येणार. अक्काला जरा बरं आहे. धूळ असली तर असू दे."

नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं. काटकोन पहाटेच उठून पुढे गेला. त्याने बांध फोडला, सगळं पाणी बाहेर काढलं, बैठकीची जमीन झाडूने आणि मग गोणपाटाने कोरडी ठणठणीत केली. ओलं काही राहिलंच नाही तर कोरडं दिसणार कुठून? स्वतःच्या हुशारीवर तो खूश झाला. फक्त अंगणात त्याने बाहेरच्या भिंतीला पाणी मारलं होतं, तिथे चिखल होता. मग तो दारात उभा राहून वाक्यं पाठ करत बसला. नियम बदलले. माझ्या हातात काही नव्हतं. अक्कांसाठी आपण बैठकीतच छान सोय करू.

गाडी अकराला आली. बायकोने अक्काला हात देऊन उतरवलं. अक्काच्या हातात काठी होती. दोघी अंगणातल्या ओल्यातून सावकाश आल्या.

"नमस्कार अक्का. बघा, बैठक केवढी झाली," काटकोन म्हणाला. "चोवीस फूट! या बाजूला अख्ख्या गल्लीत कुणाची नाही."

बायकोने बैठकीकडे बघितलंही नाही. तिने एकदा स्वयंपाकघरात डोकावलं आणि बहिणीचा हात धरला. "इकडून ये अक्का. उंबरा ठेवलेला नाही, पाय उचलायला नको."

अक्काची काठी टक टक करत निघाली आणि बैठक प्रत्येक टकटकीला उत्तर देत राहिली. दोघी स्वयंपाकघराच्या बाजूने गेल्या, टोकाशी वळल्या. आधी अक्का, मागून बायको, कारण दोघी एकदम मावल्या नसत्या. मग काठीचा आवाज बदलला. तो जवळचा, बंद झाला.

"केवढी छान आहे ग," अक्का म्हणाली.

काटकोनला हसू फुटलं. मोकळ्या बैठकीच्या कोपऱ्यात दोन बायका उभ्या होत्या आणि नसलेल्या भिंतींकडे कौतुकाने बघत होत्या. एक म्हातारी आणि एक होऊ घातलेली. यांच्यासाठी आपण इतके महिने घाबरलो! खोली दिसतेच आहे त्यांना तर आणखी काय हवं? विटांचा खर्चसुद्धा नाही. त्याला ही गंमत कुणाला तरी सांगावीशी वाटली, आणि सांगायला कुणी नाही म्हणून तो बायकोलाच सांगायला निघाला.

"अगं, ऐक तरी," तो हसत म्हणाला. "तिथे काही—"

बायको वळली. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं की तिला माहीत आहे. ब्लेड, नख, नियम, सगळं. कधीपासून, ते कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. रस्त्यातल्या वेड्यावाकड्या घरांकडे बघताना त्याचा स्वतःचा चेहरा जसा होत असे, तसा तिचा झाला होता.

"तुम्ही बाहेरच थांबा," ती म्हणाली.

तिने हात पुढे केला आणि काहीतरी आपल्याकडे ओढलं. कडी लागल्याचा आवाज झाला.

७

खिडकी उघडी होती. उन्हाचा तुकडा कोपऱ्यातल्या जमिनीवर पडला होता. त्या उन्हात पावलांचे दोन जोड ओले उमटलेले होते आणि त्यांच्या बाजूने काठीचे ठिपके. ते खिडकीपर्यंत गेले होते आणि तिथे जवळजवळ थांबले होते, शेजारी शेजारी, बसलेल्या माणसांचे असतात तसे. काटकोनला सगळं दिसत होतं. पलीकडची भिंत दिसत होती, खिडकीबाहेरचं झाड दिसत होतं. फक्त त्या दोघी नव्हत्या.

खिडकीपाशी बाहेरून जाण्यासाठी त्याने घराला वळसा घातला. बाहेरून आत डोकावलं, तर समोर रिकामी बैठक आणि उघडं दार. गाडी रस्त्यावर उभी होती, चालक पेपर वाचत होता.

"आत्ता कुणी बाहेर आलं का?"

"नाही. अजून आतच आहेत ना?" चालकाने पेपर खाली केला. "बोलण्याचा आवाज येतोय की."

येत होता. काटकोन धावत आत आला. अगदी हळू, पण स्वच्छ, दोघी बोलत होत्या. खाट कुठे टाकायची, आरसा कुठे लावायचा. अक्का खोकली आणि बायको म्हणाली, थांब, पाणी देते. मग अक्का काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. ते हसणं त्याच्याबद्दल होतं की नव्हतं, हे त्याला ठरवता आलं नाही. आपल्याबद्दलच असावं, अशी त्याने मनोमन इच्छा केली.

तो स्वयंपाकघराच्या बाजूने गेला. टोकाशी थांबला. सरळ चालत जायला काय हरकत होती? समोर मोकळी हवा होती, ऊन होतं. पण पाय उचलेना. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्यासारखा तो अवघडून उभा होता. त्याने शर्ट नीट केला. हात वर केला आणि काहीही नसलेल्या जागेवर बोटांच्या पेरांनी तीन वेळा टकटक केली. पेरांना काही लागलं नाही. आवाज मात्र लाकडाचा आला.

आतलं बोलणं थांबलं.

"अगं, मी आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज बैठकभर घुमला. "मी भिंत बांधून देतो. उद्याच मिस्त्रीला बोलावतो. दार स्वयंपाकघराकडेच ठेवतो. ऐकतेस ना?"

मग अक्काचा थकलेला, पण मजेत असलेला आवाज आला.

"कोण आहे ग?"

"कुणी नाही," बायको म्हणाली.

आणि दोघी पुन्हा आरसा कुठे लावायचा ते बोलायला लागल्या.